टाकायचं पाणी

१६ जाने. १९८६, मद्रास
पोंगल संपला आणि डॉ.नी ह्यांच्या ताटातले सगळे कंद काढून घेतले. सुरण, रताळी, अळकुड्या, बटाटा. मूत्रपिंडं थकलीत, रक्तात पोटॅशियम साठतंय. ह्यांचा चेहरा बघवेना. आमच्याकडे साताऱ्याला रताळं उपासाला. ह्या तंजावरकरांना ते नसलं की उपास! शेवटी डॉ. विरघळले. रोज चार फोडी चालतील, पण भरपूर पाण्यात उकळून, आणि ते पाणी टाकून द्यायचं. जे बाधतं ते पाण्यात उतरतं.

२० जाने.
सासूबाई आल्या. लेकासाठी पिशवीभर सुरण. काय बोलणार!
शाळेत शिकवायला निघण्याआधी मी फोडी उकळत ठेवते, गाळायचं काम सा.बां.कडे. सगळं पाण्यात उतरतं असं डॉ. म्हणाले, हेही सांगितलं. पाणी मोरीत नको, कढीलिंबाच्या कुंडीत घाला म्हटलं. नळाला दिवसाआड पाणी, फेकायला माझाही हात होत नाही.
"बरं गे," म्हणाल्या.

२ फेब्रु.
सुरण चोथ्यासारखा लागतो, ही ह्यांची रोजची कुरकुर. सा.बां.चं मिरी-जिऱ्याचं सार मात्र भुरके मारून. बिनडाळीचं, बिनमिठाचं, तरी! "अम्माच्या हाताला चव आहे." माझ्या हाताला काय आहे, ते विचारलं नाही.

१८ फेब्रु.
पोटॅशियम उतरायचं सोडून चढलं. डॉ. माझ्याकडे बघून, "पाणी टाकता ना नक्की?" असा संताप आला! आणखी चढलं तर यंत्रावर रक्त धुवावं लागेल म्हणाले. मला भीती वाटते आहे. कुणाला सांगू...

२३ फेब्रु., रविवार
सुट्टी. कढीलिंब वाळलेला दिसला. रोज एवढं पाणी पिऊन? आत गेले, तर सा.बा. सुरणाचं गाळलेलं पाणी साराच्या पातेल्यात ओतत होत्या.
"अम्मा, हे काय?"
"सत्त्व सगळं ह्या तण्णीत, पाण्यात उतरतं न गे. तुझा डॉक्टरच बोलला तसं. नुसता चोथा खाऊन माझा पोर उभा कसा राहील?"
उतरतं तेच ह्यांना विष आहे, हे सांगावं लागलं. हळू सांगितलं, पण सांगितलं. त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "अय्यो. मीच पाजलं?"
ओरडायचं सगळं तोंडाशी आलं होतं. गिळलं. पातेलं मोरीत रिकामं केलं.
डॉ.ना फोन केला. पुढच्या आठवड्यात पुन्हा रक्त. ह्यांना कळू द्यायचं नाही, असं मीच सा.बां.ना म्हटलं.

३ मार्च
सकाळी रक्त देऊन आलो. रिपोर्ट उद्या.
सा.बा. आता शेगडीपाशी येत नाहीत. गाळलेलं पाणी तेवढं कुंडीत घालतात, तेही मला हाक मारून, मी बघत असताना. नको म्हटलं तरी. कढीलिंबाला कोवळी पानं फुटलीत.
जेवताना ह्यांनी सार मागितलं. मी केलं होतं, नळाच्या पाण्याचं.
"अम्माच्या हातचं नाही हे."
सा.बा. दाराशीच उभ्या होत्या. "यापुढे असंच होणार रे," म्हणाल्या. "पी."
ह्यांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. वाटी तोंडाला लावली. ती रिकामी होईस्तोवर आम्ही दोघी तिथंच उभ्या होतो.