भुऱ्याचे कान, आठ दिवसांत

ता. ११ मार्च १९५६, आइतवार. सकाळी.

आजपासून भुऱ्याचे कान साफ करनं सुरू. आठ दिवसांत आरशासारखे करून टाकीन.

कुत्रा दिवसभर मान झटकते. कान फटफट वाजवते. जवळ आला का वास येते. पुढच्या आठवड्यात झाडावरून मोहाचे फुलं पडाले लागतीन, मंग इंदीले फांदीच्या झोळीत टाकून मले खाली वेचत बसा लागन. इंदी पाच महिन्याची. तिचा बाप दूर जंगलात, कुपावर लाकडं तोडते, शुक्रवारच्या बाजाराले घरी येते. म्हंजे अस्वल आलं तं सांगाले एक भुऱ्याच. मोह अस्वलालेही लागते. आता कुत्र्याच्या कानात मळ, तं त्याले अस्वल ऐकू येईन कसं?

मी अस्वलाले भेत नाई. मागच्या साली त्याच झाडाखाली अस्वलानं गावातल्या मुखरूचा डोळा काढला, पन तो वाकून वेचते. मी बसून वेचते.

शेजारची बुधरी म्हातारी म्हने, कोमट पान्यात फडकं भिजव, दिसते तेवढंच पुस, आत काई खुपसू नको. मी म्हटलं बरं. बुधरी शाळेत गेली नाई. मी चवथी पास हावो. परीक्षेच्या दिवशी ताप आल्ता, नाई तं झालीच असती.

ता. १२, सोमवार.

कपडे धुवाचा साबन फेसला. आगपेटीच्या काडीले कापूस गुंडाळला. भुऱ्याले दोन्ही मांड्यांत दाबून धरलं अन् काडी पुरी आत फिरवली.

काडी बाहेर आली. कापूस नाई आला.

कापूस मळ शोषते, म्हनून राहू देल्ला. दुसऱ्या कानात नुसता फेस वतला. भुऱ्या कुंपन तोडून गेला. दुपारी आला तं दोन्ही कान लाल. लाल म्हंजे रक्त फिराले लागलं. एका दिवसात एवढा फरक.

ता. १३, मंगळवार.

आज नुसतं पुसनार होती. सहा डाव हाक मारली. भुऱ्या अंगनात बसून माह्याकडे पाहे, पन येये नाई. बहिरा होऊन राह्यला. बरं झालं मी टाइमावर इलाज सुरू केला.

बुधरीनं तिच्या दारातून हळूच ये रे म्हटलं तं शेपूट हालवत गेला. बुधरी बोडीत मासोळ्या धरते, तिच्या हाताले वास येते. तो वासानं गेला. कानानं नाई.

ता. १४, बुधवार. दुपारी.

साबन कमजोर पडला. आज पक्की दवा. इंदीच्या बापानं कोठीमागं मोहाच्या दारूची बाटली लपवून ठेवली हाये, पहिल्या धारेची. काडी लावली तं निळी पेटते. कुपावरचे मान्सं कुऱ्हाड लागली का जखमेवर तेच वततात. जे मान्साले चालते ते कुत्र्याले चाललंच पायजे.

भाकरीचा तुकडा दाखवून भुऱ्याले बोलावला. दोन्ही कानात झाकनझाकन वतली.

असा आवाज मी कोन्या जनावराचा आयकला नाई. सरळ बोडीकडे पळाला अन् मुंडकं पान्यात. चांगलंच झालं, आपोआप धुतलं गेलं.

बुधरी आली भांडाले. म्हने काऊन वं गोकुळा, आपल्या पोरीच्या कानात वतशील काय असं? मी म्हटलं माह्या पोरीच्या कानाले वास नाई येत. ती म्हने, अजून तुह्या हातात सापडली नाई म्हनून.

म्हातारीची जीभ लय लांब हाये.

ता. १६, शुक्रवार. बाजार.

इंदीचा बाप आला. आल्या आल्या कोठीमागं हात घातला, मंग मले इचारलं बाटली कमी काऊन? मी सांगतलं, भुऱ्यानं घेतली. खोटं नाई. त्यानं भुऱ्याचं तोंड हुंगलं, मंग कान हुंगला, अन् पोट धरून हासला. बाजारात सगळ्याईले सांगत फिरला का माहा कुत्रा कानानं पिते. मुखरू म्हने, मंग बायको डोळ्यानं पेत असन, तिले दिसत नाई वाटते. मुखरूनं डोळ्याचं बोलू नये.

रातच्या भाकरी होईस्तोवर हासनं थांबलं. मंग म्हने, मंगळवारी लाकडाची गाडी धानोऱ्याले जाते, गुरांच्या दवाखान्यात दाखव त्याले. पोरगी झाडाखाली राहीन, कुत्रा धड पायजे. मी म्हटलं कान तं धड होतच आले.

ता. १८, आइतवार. सकाळी.

मोह पडाले लागला. झाडाखाली पिवळं पिवळं. वासानं डोकं भनभनते. इंदीले झोळीत टाकलं.

भुऱ्या झाडाखाली येत नाई. मोहाच्या वासापाशी आला का पाय रोवते, मान झटकते, मांगं सरते. शेवटी नाल्याच्या काठावर जाऊन बसला, तीस पावलं दूर. मी दोरीनं ओढला तं दोरी चावून तोडली.

बुधरी म्हने, ज्या वासानं त्याचे कान जळले त्याच वासाखाली तू त्याले बसवतं. मी तं तसं समजत नाई. नाल्याचा काठ उंच हाये. तिथून चौफेर दिसते. कुत्र्यानं आपली जागा सोता निवडली, हुशार हाये.

तरी आज टोपली आर्धीच भरली. पान पडलं तरी उठून पाहा लागते. भेवानं नाई. पाय आखडते म्हनून.

ता. २०, मंगळवार.

धानोऱ्याले गेली. गुरांचा कंपोंडर, गुनवंतराव म्हनतात त्याईले. इचारलं बाई, काय काय टाकलं? मी म्हटलं भाऊ, पानी. त्याईनं कान उघडून हुंगला अन् म्हने, पानी कोन्या भट्टीचं हाये?

चिमट्यानं डाव्या कानातून कापूस काढला. काळा झाल्ता. पाहा, किती मळ शोषला.

मंग माह्या बोटाले विळ्याचं कापलं होतं ते पायलं अन् म्हने, दारू आनू काय, लावून पाहा. मी हात मांगं घेतला.

मंग त्याईनं कानाच्या दवाची बाटली देल्ली, अन् असं सांगतलं: हातात धरून कोमट करा लागते. कानात वतून कानाच्या बुडाशी बाहेरून चोळा लागते. मंग सोडून द्या लागते, तो सोता मान झटकून मळ बाहेर काढते. आपन फक्त वरचं मऊ फडक्यानं पुसाचं. काडी नाई, साबन नाई, दारू नाई. कुत्रा कळवळला का थांबाचं. दिवसातून एक डाव, आठ दिवस.

सगळं पाठ झालं. मी दिवसातून चार डाव करीन, दोन दिवसांत काम.

ता. २१, बुधवार.

मी बाटली हातात घेतली का भुऱ्या दिसतच नाई. बाटलीचं झाकन फिरवलं तं घरामांगून पळाल्याचा आवाज येते. एवढं बारीक ऐकू येते म्हंजे धानोऱ्याची दवा न टाकताच लागू पडली.

बुधरीच्या मांडीवर मुंडकं ठेवून झोपते. म्हनून दवा तिच्या हातानं टाकून घेते. बाटली मी धरते. मुख्य काम बाटलीचंच हाये, कोमट करनं.

ता. २४, शनवार.

कान साफ दिसतात. वास गेला. मीच केले, बुधरीचा हात होता एवढंच. इंदीचा बाप काल आल्ता, म्हने वा. मी म्हटलं चवथी पास हावो.

झाडाखाली अजून येत नाई. नाल्यावरच बसते.

ता. २५, आइतवार. सकाळ.

पायातले काटे तसेच हायेत. लिवते तरी.

आज टोपली काठोकाठ भरली. भुऱ्या नाल्यावरून भुंकाले लागला. मी वरडली, चूप. उगाच भुंकते, कान मोकळे झाले तं पानं वाजलेलीही सांगते मेला. तो थांबे नाई. मी पुन्हा म्हटलं चूप. मंग पाचोळा वाजला. झाडाच्या पल्याड काळं दिसलं. उभं राह्यलं.

मी गावातले मान्सं बोलवाले पळाली. पायात काटे गेले, लुगडं फाटलं, पन मी सोडलं नाई. छातीशी घट्ट धरून पळाली. मधात एकदा पदरही घातला वरून, ऊन लागू नये म्हनून.

बुधरीच्या दारात आली. बुधरीनं पदर काढला. म्हने, इंदी कुठी हाये?

त्याच दिवशी, सांजच्याले.

इंदी ठीक हाये. झोपेतून उठलीही नव्हती. बुधरी अन् गावातला लच्छू डबा वाजवत गेले तं अस्वल निघून गेल्तं. झोळी फांदीले तशीच. अन् भुऱ्या झोळीच्या बराबर खाली, मोहात पाय देऊन उभा, वास असून. नाकावर पंज्याचा ओरखडा. कानाले काईच नाई.

मी सगळ्याईले सांगतलं का मी मान्सं बोलवाले आली. बुधरी म्हने, हो बाई. मंग टोपली काऊन आनली, एवढंच इचारलं.

मोह एक सांडला नव्हता.

ता. २६, सोमवार.

आज वेचाले गेली नाई. मले भेव वाटते.

इंदीले अंगनात टाकलं. भुऱ्या तिच्याजवळ झोपला. मी हळूच हाक मारली. त्याचा कान हालला. तो उठला नाई.