माळ आखूड कशी झाली

प्रिय भिंगरी,

मी, तुझा बाप, वय वर्षे एकाहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, न्यायालयातील निवृत्त शिपाई, नाव लग्नापूर्वी तू आपल्या नावापुढे लावीत होतीस तेच, हे पत्र पूर्ण शुद्धीवर राहून व कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. तुला हसू येईल. परंतु ज्या दालनाच्या दाराशी उभे राहून मी आयुष्यभर लोकांची नावे पुकारली, तेथे माणसे अशीच बोलायला सुरुवात करीत, आणि मला याहून वेगळी सुरुवात येत नाही. विषय तुझ्या पोवळ्यांच्या माळेचा आहे. तिच्याविषयी लग्नाच्या आधी मी तुला जे सांगितले, ते खोटे होते.

येथे सर्व ठीक आहे. तुझी आई तुझ्याकडून काल सुखरूप परतली. खालच्या मजल्यावरचा शिंपी, ज्याला तू लहानपणापासून कात्रीकाका म्हणतेस, त्याने नवे यंत्र घेतले असून त्याच्या खडखडाटाने आमच्या मांडणीवरच्या वाट्या सकाळपासून एकमेकींशी बोलत असतात. त्याला एकदा समज दिली. तो म्हणाला, “साहेब, कोर्ट सुटून किती वर्षं झाली, आता तरी आवाज चालू द्या.” मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही. मग माळेसाठी मेण लावलेला दोरा त्याच्याकडूनच आणला होता हे आठवले, आणि बोललो.

ती दुपार तुझ्या लक्षात असेल. आईने तुला दिलेली माळ तू टेबलावर रुमाल पसरून त्यावर ठेवलीस. मोठे मणी मध्यभागी, मागे अडकवायच्या आकड्याकडे लहान होत गेलेले. त्यांच्याशी रंग जुळणारे लहान मणी तू हिंडून हिंडून मिळवले होतेस. तू म्हणालीस, “बाबा, चार बोटं लांब करून द्या. गळ्यावरच्या टाक्यांच्या रेघेवर घासते, तिच्या खाली उतरू दे.” मी म्हणालो, हे काम बाजारात द्यावे. त्यावर तू म्हणालीस, “कोर्टाचे एवढे जाडजूड गठ्ठे शिवलेत तुम्ही, ही तर माळ!” आणि तू कामाला जातेस त्या चष्म्यांच्या दुकानात स्वतः नंबर काढून बनवलेला जवळच्या कामाचा चष्मा पर्समधून काढून माझ्या नाकावर बसवलास. मी मनात फुशारलो. मी शिवलेल्या गठ्ठ्यातून एक कागद कधी सुटला नाही, हे मोठमोठे वकील मान्य करीत.

दुसऱ्या दिवशी मी जुना दोरा कापला. मणी घरंगळू नयेत म्हणून ताटात टॉवेल अंथरला. चष्मा इतका उत्तम की मण्याच्या भोकातली धूळसुद्धा दिसत होती. तू सांगितलेस तशी, चार बोटे लांब, माळ मी पूर्ण ओवली. हे मी मुद्दाम नोंदवीत आहे. ती जमली होती.

मग माप पाहण्यासाठी तुझ्या आईला आरशासमोर उभे केले. ती म्हणाली, “इश्श, या वयात मला कशाला नटवताय?” माळ छान खाली उतरली होती, आणि वरचा सगळा गळा मोकळा होता. तिच्या गळ्यावर कसलीही रेघ नाही. पण मला तेथे तुझी रेघ दिसली. तुझ्या आत्याने इस्पितळातून परतताना जिन्यावर म्हटले होते, “दादा, लग्नात झाकायचं काहीतरी बघ हं. नाहीतर लोक अक्षता सोडून पोरीचा गळाच बघत बसतील.” मी तेव्हा तिला दटावले होते. वास्तविक तिने बोलून दाखवले इतकेच. गळ्यातली गाठ काढून तुला बाहेर आणले त्या दिवसापासून मी तेच मनात धरून होतो. डॉक्टरांनी पोर हातीपायी धड परत दिली, आणि माझी नजर त्या रेघेवरून हलत नव्हती. लग्नाला न्यायालयातली मंडळी येणार होती. बड्या कारकुनांपासून सगळे. त्यांच्यापुढे माझी मान खाली जाऊ नये, एवढाच हिशेब मी केला. तुझ्या मानेचा केला नाही.

मी तुझे आणलेले मणी काढले. एवढ्याने भागेना, तेव्हा दोन्ही टोकांचे जुने लहान मणीही काढले. सर्वांत मोठा मणी बरोबर रेघेच्या जागी बसेपर्यंत माळ आखूड केली. तुझ्या आईला सांगितले, आता कशी झोकात बसली. तिने विश्वास ठेवला.

तुला सांगितले की नव्या मण्यांची भोके बारीक निघाली, सुई निसटली, काही जुने मणी फुटले, उरल्यात एवढीच झाली. तू माझ्या हातांकडे पाहिलेस, मग चष्म्याकडे. म्हणालीस, “माझंच चुकलं, बाबा. नंबर कमी पडला असणार. राहू दे, छान आहे.” त्या वेळी मला बोलता आले असते. मी पाणी प्यायला आत गेलो. खोटी साक्ष देणारे मी पुष्कळ पाहिले. त्यांचे पाय थरथरत. माझे थरथरले नाहीत, हे मला अधिक लागते.

लग्नात बड्या कारकुनांनी माळेची तारीफ केली आणि मी ती ताठ मानेने घेतली. परवा फोटो आले. निम्म्या फोटोंत तुझा हात गळ्याशी आहे. फोटोवाला सारखा ओरडत होता, “ताई, हात खाली!” तेव्हा मला वाटले, तू लाजते आहेस. जावईबापूंनी मात्र प्रथम भेटीत ती रेघ पाहून म्हटले होते, “टाके घालणाऱ्याचा हात चांगला आहे.” तू खळखळून हसली होतीस. औषधाच्या दुकानात बसणारा मनुष्य इतका उथळ कसा, असे मला वाटले होते. ते मत मी मागे घेतो.

आता पत्रास कारण. काल तुझ्या आईने पिशवी सोडता सोडता सांगितले की तू ती माळ रोज घालतेस, आणि कामाला निघण्यापूर्वी मण्यांखाली कापूस सारतेस. तिने तुला काढून ठेवायला सांगितले. तू म्हणालीस, “नको गं आई. डोळे ताणून ताणून ओवलीय त्यांनी. काढली तर त्यांना वाटेल, आपल्याला काही जमत नाही आता.” आणि अंदाजाने नंबर वाढवून तू केलेला नवा चष्मा तिने माझ्या हातात दिला. तो लावला, तर सगळी अक्षरे पोहू लागली. हे पत्र मी जुन्याच चष्म्याने लिहीत आहे. त्याचा नंबर अचूक आहे. तुझे काहीही चुकलेले नाही. तेव्हा पत्र वाचून होताच तो दोरा काप. माझ्या हातचा म्हणून त्याची भीड धरू नकोस. एकही मणी फुटलेला नाही. जुने नवे सगळे सोबत पाठवीत आहे. माळ कोणाकडूनही ओवून घे, मात्र माप आरशासमोर उभी राहून तूच घे. माफीबद्दल येथे लिहीत नाही. तो अर्ज समोर उभे राहूनच करायचा असतो. तू म्हणशील त्या दिवशी मी येईन.

तुझाच,
बाबा

पत्र वाचून दाखवितेवेळी समक्ष हजर:

१. कात्रीकाका. यंत्र बंद करून वर आले. अर्ध्यावर मान खाली घातली, ती शेवटपर्यंत वर केली नाही.

२. तुझी आई. तिला यातले काहीही ठाऊक नव्हते. ऐकून एवढेच म्हणाली, “मापाला माझाच गळा घेतलात होय.” मण्यांची पुडी तिने स्वतः शिवली. मला हात लावू दिला नाही.