चंदनची मोह वाळवायची मशीन कोणाकडे जावी

मी सुकरी लटारू हलामी, राहणार हेटीटोला, तालुका धानोरा, जिल्हा गडचिरोली. माझं डोकं ठिकाणावर आहे, कोणी दटावलेलं नाही, आणि माझ्यामागे माझ्या वस्तूंचं काय करावं ते स्वतःच्या हातानेच लिहिते आहे. शाळा चौथीपर्यंत. श्रीहरी गुरुजी म्हणाले, "बाई, मी लिहून देतो." म्हटलं, "तुम्ही लिहान तं सगळं लहान करान."

१. बकऱ्या नात दीपालीला. काळी बकरी शिंग मारते, तिला मीठ दाखवावं. माझं मुसळ शेजारच्या मुखरूने नेलं ते आणलंच नाही. ते आता त्यालाच दिलं. पण त्याने माझ्या मातीला आल्यावर मशीनमध्ये भूत होतं असं पुन्हा बोलू नये.

२. मशीन. माझा मुलगा चंदन फ्रिज दुरुस्त करायचा. अवकाळी पावसाने मोह काळा पडायचा, म्हणून त्याने जुन्या फ्रिजचे भाग काढून मोह वाळवायची मशीन केली. फ्रिज आतली गरमी मागे फेकतो, तीच त्याने बंद खोलीत मोहफुलांवर सोडली. बाहेर पाऊस, आत फुलं खडखडीत. मी लोकांना हात धरून आणून दाखवायची.

मागच्या हंगामात मशीनमधला गॅस गळून गेला. तिचा गॅस गडचिरोलीहून आणावा लागायचा. चंदनने स्वयंपाकाच्या सिलिंडरचा भरला. म्हणाला, "माय, हाही थंडच करते." करत होताही. तो कुठून तरी गळत होता. स्वयंपाकाच्या गॅसला वास असतो, पण मोहाच्या दिवसांत आमच्या घरात मोहाशिवाय कशाचाच वास येत नाही. नवा मोह खाण्याआधी पूर्वजांना धूप दाखवतात. चंदन निखारे घेऊन खोलीत गेला.

दारही उडालं. मी अंगणात सूप घेऊन बसले होते. सूप हातातच राहिलं. रडू आलं नाही, अजूनही येत नाही. भाजी खारट की अळणी, कळत नाही.

दीपाली आयटीआयला फ्रिज-एसीचं काम शिकते. सुट्टीत आली की मशीनचे उरलेले भाग पुसते आणि सांगत बसते, "आजी, तो गॅस हवेपेक्षा जड राह्यते, खालीच बसून राह्यते." ती बोलते तेव्हा मला बरं वाटतं. तेवढंच वाटतं.

तिची आई रीना म्हणते, "भंगारात टाका. नवरा गेला, आता पोरगी बी देऊ काय?"
दीपाली म्हणते, "आई, बाबाची मशीन चुकीची नोती. गॅस चुकीचा होता."

मशीन दीपालीला. अटी तिनेच सांगितल्या, मी लिहिल्या. कंप्रेसरच्या पाटीवर ज्या गॅसचं नाव असेल तोच भरायचा, दुसरा नाही, मिसळूनही नाही. पेट घेणारा गॅस असलेला कंप्रेसर घ्यायचाच नाही. भरण्याआधी गळती तपासायची, नाकावर भरवसा ठेवायचा नाही. जुना गॅस हवेत सोडायचा नाही. खोली पुन्हा बांधायची नाही, मशीन मांडवात उघड्यावर. धूप अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. पूर्वज तिथे येतील. त्यांना चालता येतं.

आणि रीना हो म्हणेपर्यंत बटण दाबायचं नाही.

३. घर व वाडी सून रीनाला.

इथपर्यंत गुरुजींनी मोठ्याने वाचलं. म्हणाले, साक्षीदार दोन लागतात, आणि ज्याला काही मिळतं त्याने साक्ष करू नये. मग दुसरा कोण? मुखरूचं नाव निघालं, पण त्याला मुसळ मिळतं. रीना चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "घर पोरीच्या नावानं करा. मले काई नोको. सही मी करतो."
मी म्हटलं, "बाई, यात मशीनबी आहे."
"आयकलं मी. बहिरी नाई."

म्हणून वरचं कलम खोडलं. घर व वाडी दीपालीला. लेकीच्या घरी आईला राहायला कागद लागत नाही.

रीनाने हात पुसले, पदराला, दोनदा. पेन घेतला. 

लिहून देणार: सुकरी लटारू हलामी (सही)
साक्षीदार: श्रीहरी गुरुजी (सही)
साक्षीदार: रीना चंदन हलामी (सही)
हेटीटोला, १२ मार्च २०२५. मोह अजून पडायचा आहे.