अण्णांची अंगठी

मंगळवार, संध्याकाळ. घनसावंगी



जत्रेच्या नाटकात गादीसाठी सख्ख्या भावांना मारणाऱ्या राजाचं काम नामदेव करतो. खुनाचा हुकूम सोडताना तो बोटातली अंगठी फिरवतो, हुबेहूब आमचे पुढारी अण्णा फिरवतात तशी. तालमीत सगळे हसायचे. दिग्दर्शक असून मीही हसलो. का हसलो?

आज अण्णा न सांगता तालमीला आल्ते. नाटकाचा नारळ दरवर्षी त्यांच्याच हातचा, अडवणार कोण? नामदेवनं सवयीनं अंगठी फिरवली. कुणी हसलं न्हाई. अण्णा उठले, स्वतःची अंगठी काढून नामदेवच्या बोटात घातली.

"ही घाल. मंग बराबर दिसंल."

जाताना मला म्हणाले, "मास्तर, नाटक झालं की अंगठी परत आणून द्या. तुमीच या. एकटे."