अण्णांशी नीट बोला

३ मार्च, सोमवार

आज पुन्हा आले ते दोघं! अण्णांच्या बँडमधला ढोलवाला आणि क्लॅरिनेटवाला. दारातच चपला अशा भिरकावल्या की एक थेट कॉटखाली गेली. अण्णा भिंतीकडे तोंड करून पडलेले. समोरचे दात काढल्यापासून असेच पडून असतात. दात नाहीत म्हणजे ट्रम्पेट नाही. माझ्या जन्माच्या आधीपासून हा माणूस लग्नाच्या वरातींपुढे ट्रम्पेट वाजवतो आहे. आता ओठांना मागून आधारच नाही, फुंकलं की नुसती हवा. कवळी बसवली तरी जमेलच असं नाही, असं दातांचे डॉक्टर म्हणाले. त्या दिवसापासून बोलणं बंद. जेवण चार घासांचं.

आणि हे मित्र! ढोलवाला म्हणतो, “काय रे बोळक्या, आहेस की गेलास?” त्यावर क्लॅरिनेटवाला – “गेला असता तर वाजवायला आपल्यालाच बोलावलं असतं ना! तेही फुकटात!” मग अण्णांच्या पायाशी पत्ते मांडून बसले. नवा ट्रम्पेटवाला वाजवतो की बकरी ओरडते, यावर तासभर चर्चा. अण्णा फक्त एकदा “हं” म्हणाले.

डोक्यात तिडीक गेली माझ्या. खचलेल्या माणसाशी असं बोलतात?

५ मार्च, बुधवार

आमच्या समुपदेशन विभागाच्या बाईंना वडिलांबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, “त्यांना म्हणावं, हसत राहा!” दात नसलेल्या माणसाला! आणि मी या बाईंच्या हाताखाली मदतनीस. मला मानसशास्त्र शिकवलं ते यांच्या टेबलावरच्या फुलदाणीतलं पाणी बदलायला बहुतेक.

पुस्तकात स्पष्ट लिहिलंय – माणूस सावरतो तो भोवतीच्या माणसांच्या आधारावर. आदर, धीर, आपलं मोल आहे ही जाणीव. आमच्या घरात हे वाचलेली मी एकटी. आई म्हणते, “येऊ दे गं त्यांना, तेवढीच घराला जाग येते.” घराला जाग! ही हिची मोजपट्टी!

६ मार्च, गुरुवार

आत्या येऊन गेली. सगळा वेळ तिच्या गुडघ्यांनी खाल्ला. दातांची पाळी आलीच नाही.

९ मार्च, रविवार

बँडच्या तालमीच्या खोलीवर गेले. कोंदट खोली, खुंटीवर घामट लाल कोट, ढोलावर चहाचे कप. दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं – यापुढे शिव्या बंद. पत्ते बंद. अण्णांशी नीट बोला.

क्लॅरिनेटवाला म्हणाला, “नीट म्हणजे कसं म्हणता?”

“आदराने. अरे-तुरे नको, ‘तुम्ही’ म्हणा. त्यांच्यातल्या गुणांबद्दल बोला.”

“गुण?” ढोलवाला डोकं खाजवायला लागला. “त्याच्यातले?”

“त्यांच्यातले!”

“हां हां. त्यांच्यातले.” मग अगदी हळू – “ताई, एवढं झालंय का?”

म्हटलं, हो, एवढं झालंय. डोळ्यांना दिसत नाही का तुमच्या? दोघांनीही माना खाली घातल्या. बरं वाटलं! कुणीतरी यांचे कान उपटायलाच हवे होते.

१२ मार्च, बुधवार

यश! अण्णा उठून बसले!

दोघं इस्त्रीचे शर्ट घालून आले. केस पाणी लावून विंचरलेले, हातात फळांची पिशवी. चपला दाराबाहेर, त्याही ओळीत. “नमस्कार. कसं वाटतंय तुम्हाला?” अण्णा गर्रकन वळले. याच्याकडे बघतात, त्याच्याकडे बघतात. ढोलवाला खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाला, “तुमचं वादन फार चांगलं होतं.” क्लॅरिनेटवाला म्हणाला, “फारच.” मग दोघं फळांची पिशवी सरळ करत बसले. थोड्या वेळाने उठून गेले. अण्णा भिंतीला टेकून बसून होते, डोळे टक्क उघडे.

आईला म्हटलं, बघितलंस? याला म्हणतात आधार. आई काही बोलली नाही. न कळणाऱ्या गोष्टीवर ती तशीही बोलत नाही.

१४ मार्च, शुक्रवार

कालपासून अण्णांनी अन्नाला हात लावलेला नाही. आज मात्र आईशी बोलले. काय, तर – “ट्रम्पेट त्या नव्या पोराला देऊन टाक. कोट कुणाला बसतो बघ.” आई मोरीत जाऊन रडली. म्हणाली, “ह्यांना वाटतंय, डॉक्टरांनी आपल्याला काहीतरी सांगितलंय आणि आपण लपवतोय.”

मी तरातरा गेले. म्हटलं, अण्णा, काहीही झालेलं नाही तुम्हाला! दात काढलेत फक्त.

“मग तो ढोलवाला मला ‘तुम्ही’ का म्हणाला?”

“आदर म्हणून.”

“त्याने बापाला आदर दिला नाही कधी. आमचे बँडमास्तर होते ना, त्यांना ‘तुम्ही’ म्हणाला होता. केस विंचरून, फळं घेऊन गेलो होतो आम्ही. शेवटच्या आठवड्यात.” आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

काय हा अडाणीपणा! माणूस दोन शब्द गोड बोलला की यांना तिरडी दिसते!

१५ मार्च, शनिवार

आजचा तमाशा लिहायलाही लाज वाटते.

ते दोघं पुन्हा इस्त्रीत आले. ढोलवाल्याने सुरुवात केली, “तुम्ही आम्हाला फार शिकवलंत...” आणि अर्ध्यावरच हुंदका! एवढा आडवा माणूस! अण्णांनी त्याचा हात धरला. “मला कळलंय रे सगळं. हिच्याकडे लक्ष ठेव.” क्लॅरिनेटवाला नाक पुसत बाहेर पळाला. आईने पदर तोंडात कोंबला.

जिन्यात ढोलवाल्याने मला गाठलं. “ताई, आता तरी सांगा. काय निघालं? पोटात आहे का?”

“कुणी सांगितलं तुम्हाला असलं काही?”

“तुम्हीच ना! तालमीच्या खोलीवर येऊन सांगितलंत, आदराने बोला म्हणून.”

कपाळाला हात लावला. एकाला वाटतं मी मरतोय, दुसऱ्याला वाटतं हा मरतोय, आणि सगळे एकमेकांना धीर देतायत! आज अण्णा पाणीसुद्धा नको म्हणाले.

१७ मार्च, सोमवार

पुन्हा तालमीची खोली. सांगितलं – अण्णा ठणठणीत आहेत. पूर्वीसारखं बोला.

“पूर्वीसारखं म्हणजे?”

“शिव्या द्या!”

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. क्लॅरिनेटवाला अवघडून म्हणाला, “देऊ की. पण तुम्ही घरात नको हं ताई. तुमच्यासमोर तोंड उघडत नाही आमचं.”

विद्यापीठाची पदवी घेऊन मी आज दोन माणसांना विनंती केली, की माझ्या वडिलांना शिव्या द्या. पुस्तकात आधाराचा हा प्रकार नाही. पुस्तक लिहिणाऱ्याला मित्र नसतील.

१९ मार्च, बुधवार

मला जिन्यात उभं केलं होतं. माझ्याच घराबाहेर!

चप्पल भिंतीवर आपटल्याचा आवाज. मग ढोलवाला – “ऊठ रे थेरड्या! फुकट रडवलंस मला! बायको विचारते, डोळे का सुजलेत! काय सांगू तिला, हे बोळकं मरतच नाही म्हणून?”

 मी कठडा घट्ट धरलेला.

आणि मग अण्णांचा आवाज. हवा सुटलेला, शब्द फसफसत येणारे, पण त्यांचाच! “आधी मला आणलेली केळी स्वतःच खाल्लीस ती ओक, हत्तीच्या!”

असे हसले तिघं! आईसुद्धा. आई हसताना मोठ्याने खोकते, हे मी विसरले होते. नंतर अण्णांनी मऊ भात मागून घेतला. दोनदा.

एवढंच हवं होतं! एवढ्यासाठी मी इतकी वर्षं परीक्षा दिल्या नाहीत.

२१ मार्च, शुक्रवार

कामावरून आले तर खोलीत पत्ते, धूर, दंगा. अण्णा कॉटवर मांडी घालून. क्लॅरिनेटवाला नव्या पोराची नक्कल करत होता, बकरीसारखी. बाहेरूनच हसू आलं मला. म्हटलं, आज आपणही बसू. पिशवी ठेवली आणि आत गेले.

नक्कल थांबली. ढोलवाला उठून उभा राहिला, शर्टाची वरची गुंडी लावली. क्लॅरिनेटवाल्याने विडी विझवली, केसांवरून हात फिरवला. आईने खोकला दाबला.

अण्णांनी टॉवेलने खुर्ची पुसली, पुढे सरकवली आणि मला म्हणाले, “बसा.”