फुप्पीची गादी

प्रिय अरिबा,

आमच्या दुकानात तुझ्या भावाच्या पोरीनं, खुशनुमानं, कापसाची मूठ खोळीत कोंबता कोंबता मान वर केली आणि सगळ्या वर्गाला सांगितलं, "ही माझ्या फुप्पीच्या लग्नाची गादी आहे," म्हणजे तिच्या आत्याच्या, तुझ्या, त्या क्षणी माझं सगळं बदललं. तोवर मी मूर्खासारखा खुश होतो. खोळीचं तोंड मीच फाकवून धरलं होतं, चिमुरड्यांचे हात आत नीट जावेत म्हणून. तुझ्या चेहऱ्यावर मात्र काही हललं नाही. "खुशनुमा, बोट ओठांवर," एवढंच म्हणालीस. बाकीच्या पोरांनीही शहाण्यासारखी बोटं ओठांवर ठेवली. मीही ठेवलं. त्या वर्गातला सगळ्यात आज्ञाधारक पोरगा मीच निघालो.

तुझा शाळेतून फोन आला तेव्हा अब्बांनी मला तुझं सगळं कौतुकानं सांगितलं होतं. या महिन्याचा विषय कापूस. पोरांनी कागदी पेल्यांत सरकी पेरली, बोंडं हातात घेऊन फोडली, आता पिंजाऱ्याचं दुकान बघायचं राहिलं. "हात लावल्याशिवाय मुलांना कळत नाही, चाचा," असं तू म्हणालीस म्हणे. धुळ्यात पिंजाऱ्यांची दुकानं काय कमी आहेत? पण तू आमचंच निवडलंस, म्हणून मला वाटलं, माझ्यासाठी येतेयस. इतके दिवस फोन उचलत नव्हतीस, आता निमित्त काढून येतेयस. इस्त्रीचा शर्ट घातला मी. अब्बांनी पोरांच्या बोटांना धोका नको म्हणून मशीन बंद ठेवलं आणि आजोबांची जुनी पिंजण भिंतीवरून उतरवली. तिची तार टणत्कारली की पोरं खिदळायची आणि कापूस उडून तुझ्या ओढणीवर बसायचा. मी तो काढायला हात पुढे केला, तर तू दोन पावलं मागे सरून पोरांना विचारलंस, "हे काका काय करतात?" काका. जळगावला कॉलेजच्या मागच्या फाटकापाशी तू मला काय काय म्हणायचीस, ते पोरांना सांगू का?

कॉलेज मी सोडलं, हे तू सगळ्यांना सांगतेस. का सोडलं ते सांगत नाहीस. तुझ्याबद्दल घाण बोलला म्हणून मी त्या पोराचा दात पाडला आणि मला काढलं. तू म्हणालीस, माफीचा अर्ज दे, पुन्हा परीक्षेला बस, डिग्री हातात घेऊन ये, मग मी अब्बूंशी बोलते. मी कुणाची माफी मागत नसतो, हे तुला माहीत होतं. तू वाट पाहिलीस म्हणतेस. बसून वाट पाहणं सोपं असतं, अरिबा. आणि आता भडगावचा बी.फार्म नवरा, स्वतःचं मेडिकल. त्यानं तुझ्यासाठी कुणाचा दात पाडलाय?

निघताना तू पिवळ्या पुठ्ठ्याचा तारा माझ्या खिशाला टाचणीनं लावलास. वर 'आमचे मदतनीस' लिहिलेलं. पोरं एका सुरात "थँक्यू काका" म्हणाली, तू टाळ्या वाजवायला लावल्यास. तुम्ही गेलात आणि मी अब्बांना विचारलं. ते पिंजण पुसत राहिले. म्हणाले, "तिच्या भावानं ऑर्डर दिली. तुला काय सांगणार होतो, साकिब? तू आधी दुकान फोडलं असतंस." मी दुकान फोडलं नाही. तुझ्या दोन्ही गाद्या मी स्वतः भरल्या, दाभण घेऊन स्वतः शिवल्या. टाके असे बारीक आले की अब्बांनी पाठीवर हात ठेवला. त्यांना वाटलं, पोरगं शहाणं झालं.

आज दुपारी टेम्पोवाला निंबा गाद्या न्यायला आला. "बठ्ठं शे ना, भाऊ?" म्हणाला. मी म्हटलं, आहे सगळं. आता भडगावच्या वाटेवर त्यानं पारोळा ओलांडला असेल. म्हणूनच लिहितोय, गाद्या परत आणता येणार नाहीत तेव्हा. आमच्या गल्लीतली रईसाखाला मागच्या महिन्यात वारली. शेवटचे महिने अंथरुणातच होती, पाठीला जखमा झाल्या होत्या. तिची गादी तिच्या पोरांनी आमच्याकडे आणून टाकली. मयताचा कापूस अब्बा लग्नाच्या कामात कधी घालत नाहीत. पोत्यात वेगळा बांधून ठेवतात, पॅकिंगवाल्याला देतात. गावभर लोक आमच्याकडे लग्नाचं काम टाकतात ते याच भरवशावर. तो कापूस मी पिंजला. पिंजल्यावर नव्या-जुन्यात फरक दिसत नाही, अब्बांनाही नाही. तुझ्या दोनपैकी एका गादीत तो आहे. कुठल्या, ते मी लिहिणार नाही. उसवून बघ, कळणार नाही. कुणाला सांगायचं तर आधी हे पत्र दाखवावं लागेल, आणि जळगावचं फाटकही. तेव्हा बोट ओठांवर ठेव आणि झोप.

अब्बा नमाजाला गेलेत. आल्यावर कोपऱ्यातलं पोतं रिकामं दिसेल आणि ते खाली बसतील. ते बघायला मी थांबत नाही. सुरतेची गाडी धरतोय. पत्र तुमच्या शाळेच्या सुनंदाबाईंकडे देईन, त्या तुझ्याच हातात देतील. बाहेरून आत्ताच कुणीतरी विचारलं, लग्नाची गादी भरायची आहे, मालक आहेत का. मी नाही म्हटलं आणि दुकानाचं दार ओढून लावलं.

तुझाच,
साकिब