पट्ट्यांचा स्वेटर आणि बिनबक्रमी उंदीर

तीर्थरूप मावशीस शिरसाष्टांग नमस्कार.

उंदराला कमी दिसतं हे तुला कोण सांगतं, तो स्वतः? तुझ्या पत्रातल्या या प्रश्नाचं उत्तर मलाच द्यायला हवं, कारण घरात पदवी घेतलेली मी एकटीच, दुसऱ्या कुणाला विचारायची तुला सोय नाही. गुडघा कसा आहे? शिलाई मशीन एकाच पायाने रेटत जाऊ नकोस.

तुझ्या कॉलरीत बक्रम असतं ना, तसं चेतापेशीला आतून ताठ ठेवणारं एक प्रथिन असतं. आमच्या प्रयोगशाळेतल्या निम्म्या उंदरांत ते नाही. त्याने त्यांचं वागणं नि नजर किती बिघडते ते आम्ही दोघी तपासतो, मी आणि माझ्याबरोबर शिकणारी एक डॉक्टरांची लेक. (तिचे आजोबाही प्राध्यापक. उंदीर तिच्या हातात अदबीने बसतात, मला चावतात. मी जळत नाही, नुसती नोंद करते.) नजरेसाठी उंदराला मधे ठेवून भोवती काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं पिंप फिरवायचं. पट्टे दिसले तर तो त्यांच्यामागे मान वळवतो. तिच्या बिनबक्रमी उंदरांनी बारीक पट्ट्यांना मान वळवली नाही. माझ्या बिनबक्रमींनी झाडून सगळ्यांनी वळवली. आमच्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, हे नवीनच आहे, परिषदेत तूच बोल. डॉक्टरांच्या लेकीने माझं अभिनंदन केलं, तेही मनापासून. म्हणजे बघ किती दुष्ट.

सोमवारी शेवटच्या उंदरानेही झकास मान वळवली. मग दिसलं की पिंप फिरतच नव्हतं, प्लग निघाला होता. तो शोधायला पलीकडे गेले तर उंदराची मान पलीकडे. अलीकडे आले, मान अलीकडे. मावशी, तू विणलेला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा स्वेटर मी रोज घालत होते (डॉक्टरांच्या लेकीचा परदेशी आहे म्हणून), आणि वरच्या कोटाच्या गुंड्या तुटलेल्या. ती लांब बसून पडद्यावर बघते; मी पिंपावर ओणवून गोल फिरते. तुझे पट्टे बोटभर रुंद, ते कुणालाही दिसतील.

प्लग लावून गप्प बसता आलं असतं. प्लग लावलाही.

तुझी भाची

ता. क. बाईंना सगळं सांगितलं. परिषदेला डॉक्टरांची लेक जाणार. पण आईने माझ्या भाषणाचं गल्लीभर सांगून ठेवलंय, तेव्हा तिला तूच समजाव. पत्र खरं त्यासाठीच.

आणखी एक. डॉक्टरांची लेक म्हणाली, ‘‘कसला गोड स्वेटर आहे गं, मलाही असा विणून मिळेल?’’ आडव्या पट्ट्यांत माणूस जाड दिसतं, हे तुझंच वाक्य. म्हणून काल तो तिला देऊनच टाकला. घालून दाखवला तिने. मावशी, तिला शोभतो.